‘छावा’ ते ‘राऊ’ : मधली ३१ वर्षं आपण कधी वाचणार?

वाचनखूण

सिनेमा गाजला की पुस्तक हलतं, हे वाचनालयाच्या देवघेव काउंटरवर बसणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. १४ फेब्रुवारी २०२५ ला लक्ष्मण उतेकरांचा ‘छावा’ लागला आणि आमच्या पेठेतल्या वाचनालयात शिवाजी सावंतांच्या कादंबरीसाठी नंबर लागले. सावंत मूळचे आजऱ्याचे, कोल्हापुरात शिक्षक होते. त्यामुळे त्यांची पुस्तकं इथे कधी कपाटात पडून राहिलीच नाहीत. पण या वेळी आलेले वाचक नवे होते. अकरावी-बारावीची मुलं, गॅरेजमध्ये काम करणारी पोरं, आजवर फक्त स्वयंपाकाची आणि व्रतांची पुस्तकं नेणाऱ्या वहिनी. मला याचा मनापासून आनंद झाला.

आमच्याकडची ‘छावा’ची जुनी प्रत दोनदा बांधून घेतलेली आहे. सिनेमानंतर ती हातोहात फिरली. परत आली तेव्हा पाहिलं, तर शेवटची पानं, संगमेश्वर आणि त्यानंतरची, बोटांनी काळवंडलेली. मधली, मोगल सरदार दिलेरखानाच्या गोटात जाण्याची पानं मात्र कोरी करकरीत. सिनेमा सुरू होतो शिवाजी महाराज गेल्यानंतर, बुऱ्हाणपूरच्या छाप्यापासून. पुस्तकातला आईविना वाढणारा शंभूबाळ, त्याची दूधआई धाराऊ, जिजाऊसाहेब, आग्रा, आणि बापाशी झालेली ती ताटातूट, हे सगळं आधीचं आहे. सिनेमा बघून आलेला वाचक थेट शेवटाकडे धावतो. त्यात त्याचा दोष नाही, पण सावंतांचा संभाजी समजायचा तर ती कोरी पानं वाचलीच पाहिजेत.

धागा काढायचं कारण मात्र वेगळं आहे. ही सगळी मंडळी पुस्तक परत करताना एकच विचारतात, “पुढं काय झालं?”

मराठीत ऐतिहासिक कादंबरीचा ‘भाग दोन’ सहसा निघत नाही. वाचकांनी स्वतःच मालिका लावून घेतली आहे. जुन्या सभासदांची कार्डं बघितली की ती लगेच दिसते : श्रीमान योगी, छावा, राऊ, पानिपत, स्वामी. लेखक चार. रणजित देसाई, शिवाजी सावंत, ना. सं. इनामदार, विश्वास पाटील आणि फिरून देसाई. ठरवून कुणीच लिहिलेलं नाही. मालिकेतली शेवटची ‘स्वामी’ सगळ्यांत आधी आली, १९६२ साली. ‘पानिपत’ थेट १९८८ साली. तरी वाचणारा माणूस शिवजन्मापासून थोरल्या माधवरावांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १६३० ते १७७२, सलग जातो. सुरुवात कोवाडच्या माणसापासून आणि शेवटही त्याच्याचपाशी, ही गोष्ट चंदगडच्या कुणी अभिमानाने सांगितली तर मी त्याच्या बाजूने आहे.

पण या मालिकेत एक मोठं भगदाड आहे. ‘छावा’ संपते ११ मार्च १६८९ ला. बाजीरावाला पेशवाईची वस्त्रं मिळाली १७२० साली. ‘राऊ’ उघडावी तर तो पेशवा झालेलाच असतो. मधली ३१ वर्षं कुठे गेली? राजाराम महाराजांची जिंजी, महाराणी ताराबाईंनी औरंगजेबाशी मांडलेलं युद्ध, संभाजीपुत्र शाहू महाराजांची सुटका, सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या. ही तर आपल्या गावाची जन्मकथा आहे! आणि नेमकं तेच पुस्तक माझ्याकडे कुणी नावानिशी मागत नाही, जसं ‘छावा’ मागतात, ‘स्वामी’ मागतात.

तुम्ही ‘छावा’नंतर काय वाचलंत? आणि हे भगदाड तुम्हालाही जाणवलं का?

---

दुधाळी_मैदान

ताई, एकदम काळजातलं लिवलंय.

मी त्यातलाच एक. सिनेमा बघून पुस्तक धरलेला. शाळा सुटल्यापास्नं हातात पुस्तक न्हवतं. थेटरातनं बाहेर आलो तवा आमच्या ग्रुपमधलं कोणच बोलत न्हवतं, समदी गप गाड्या काढून घरला. दुसऱ्या दिवशी पुस्तक आणलं. पयली शंभर पानं जड गेली, खरं सांगतो. सावंतांची भाषा लई नटलेली हाय, एकेक वाक्य दोनदा वाचाय लागतंय. पण धाराऊ आली आणि मी अडकलो. सिनेमात अक्षय खन्नाचा औरंगजेब डोक्यात बसतोय, पुस्तकात धाराऊ बसती. त्ये दूध पाजल्यालं पोरगं आणि पुढं त्याचं काय झालं हे आपल्याला ठावं असतंय, त्यामुळं पानापानावर गळा दाटतोय.

पुढं काय वाचू म्हणून विचारलं तर सगळ्यांनी ‘राऊ’ सांगितलं. वाचाय लागलो तर मधनंच एसटी पकडल्यागत झालं. शाहू महाराज साताऱ्यात कसं आलं? आपली गादी येगळी कशी झाली? कोण सांगंना. ताराराणी चौकातनं रोज जातो, घोड्यावरचा पुतळा बघतो, आणि त्यांच्याबद्दल मला दोन वाक्यं धड सांगता यायची न्हाईत, ह्ये बरं न्हाई.

---

सहावी_घंटा

धागा आवडला. पण ‘पुढचा भाग’ म्हटलं की इतिहासच का? माझं आवडतं पुस्तक ‘शाळा’. मिलिंद बोकीलांची कादंबरी २००४ ची, सुजय डहाकेंचा सिनेमा २०१२ च्या जानेवारीत लागला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. सिनेमा चांगलाच आहे. अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर दोघंही त्या वयाचे, अवघडलेले, खरे वाटतात. तरी पुस्तकात मुकुंद जोशी मनातल्या मनात जे अखंड बोलत असतो, ते पडद्यावर आणायचं कसं? कॅमेरा त्याला आवडणारी शिरोडकर दाखवतो. पुस्तक दाखवतं ते जोशीला दिसलेली शिरोडकर. दोन्हींत फरक आहे, आणि मला दुसरी जवळची.

त्या पुस्तकाला पुढचा भाग नाही आणि नसावाच. शिरोडकर गाव सोडून गेलेली, दहावी समोर उभी. बोकील तिथे थांबतात. ‘पुढे ते भेटले का’ असं विचारणाऱ्या मैत्रिणींशी मी तावातावाने भांडले आहे. न भेटणं हीच त्या पुस्तकाची गोष्ट आहे.

---

गैबी_चौक_कागल

सहावी_घंटा यांच्याशी अर्धा सहमत. काही पुस्तकांना पुढचा भाग नको असतो. पण काहींचे पुढचे भाग लेखकाने जीव ओतून लिहिलेले असतात आणि आपण ते उघडतही नाही. आमच्या कागलचंच उदाहरण देतो.

‘नटरंग’ १ जानेवारी २०१० ला लागला. रवी जाधवांचा पहिलाच सिनेमा, अजय-अतुलचं संगीत, गुरू ठाकूरांची गाणी. अतुल कुलकर्णींनी आधी पैलवानाचं अंग कमावलं आणि मग नाच्यासाठी ते उतरवलं. पडद्यावर तो बदल बघताना अंगावर काटा येतो. आमच्याकडे तर गुणाचं आडनावच कागलकर म्हटल्यावर गाव लोटलं होतं. त्यानंतर आनंद यादवांची मूळ कादंबरी पुष्कळांनी वाचली. वाचली त्यांना कळलं की सिनेमाने शेवटी म्हाताऱ्या गुणाला पुरस्कार दिला, टाळ्या दिल्या. यादवांनी गुणाला असलं काही दिलेलं नाही. कादंबरी संपते तेव्हा वाचकाच्या हाताला काहीच लागत नाही. मला विचाराल तर खरा गुणा तोच. गावाने ज्याला हसून हसून संपवलं, त्याचा सत्कार करून आपण आपलंच मन हलकं करून घेतो. सिनेमावर माझा राग नाही. चार पैसे लावून काढलेल्या चित्रपटाला प्रेक्षक घरी रडवेला पाठवणं परवडत नसेल. पण पुस्तक वाचल्याशिवाय ‘नटरंग बघितला’ म्हणू नये, इतकं माझं म्हणणं.

आता पुढच्या भागांचं. यादवांची ‘झोंबी’ बहुतेकांनी वाचलेली असते. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार, शिवाय अभ्यासक्रमांत उतारे. शाळेसाठी घराशी, रानाशी, बापाशी झुंजणारा आंदू सगळ्यांना माहीत. पण त्यानंतर यादवांनी ‘नांगरणी’ लिहिली, ‘घरभिंती’ लिहिली, ‘काचवेल’ लिहिली. किती जणांनी वाचल्या? माझ्या ओळखीत बोटांवर मोजण्याइतके. कारण उघड आहे. ‘झोंबी’त शत्रू दिसतो : गरिबी, शेण, मार. पोरगं मॅट्रिक झालं की वाचक टाळी वाजवून उठतो. पुढच्या पुस्तकांत शत्रू दिसत नाही. शिकून वर आलेला माणूस आणि मागं राहिलेलं घर, भावंडांची ओढाताण, गावातही नाही आणि शहरातही नाही असं जगणं. आमच्या घरात शिकलेली पहिली पिढी माझ्या वडलांची. ‘घरभिंती’ वाचताना मला यादव दिसलेच नाहीत, वडील दिसत होते. दर महिन्याला गावाकडे मनीऑर्डर करताना पाकिटात किती उरले हे दोनदा मोजणारे.

तेव्हा ताई, तुमच्या काउंटरवर ‘झोंबी’ परत आली की न विचारता ‘नांगरणी’ पुढे करत जा. एवढी विनंती.

---

वाचनखूण

दादा, विनंती मान्य. चारही पुस्तकं एका फळीवर शेजारी लावते, म्हणजे पहिली काढताना बाकीच्या तिघी दिसतील. वडलांबद्दल लिहिलंत ते वाचून थांबले थोडी.

---

जुना_राजवाडा

सिनेमा पुस्तकाचं वाटोळं करतो असा सूर इथे निघायच्या आत थोडं बोलतो. कोल्हापूरकरांनी तरी तो सूर लावू नये. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीत ‘सिंहगड’ केला १९२३ साली, तो हरी नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’वरून. म्हणजे कादंबरीवरून ऐतिहासिक सिनेमा हा उद्योग या गावात शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाला, आणि तेही मूकपटात, लेखकाचा एकही शब्द ऐकू येत नसताना! पुढे खांडेकर तर थेट सिनेमासाठीच लिहू लागले. मास्टर विनायकांचा ‘छाया’, १९३६, कथा खांडेकरांची, हंस पिक्चर्स कोल्हापूरचीच. ज्ञानपीठ मिळवणारा पहिला मराठी लेखक पडद्यासाठी लिहिण्यात कमीपणा मानत नव्हता.

वाद तेव्हाही होते, आताही आहेत. ‘राऊ’वरून २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ आला तेव्हा काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताना दाखवल्या म्हणून केवढा गदारोळ झाला. ‘छावा’च्या वेळी लेझीमच्या दृश्यावर आक्षेप आला आणि प्रदर्शनाआधीच ते दृश्य काढलं गेलं. लोक भांडतात, कारण ही माणसं त्यांना घरची वाटतात. मला हे भांडण जिवंतपणाचं लक्षण वाटतं, फक्त ते पुस्तक वाचून झालेलं असावं.

---

मसाई_पठार

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण ताईंनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. इतिहास हा माझा शिकवण्याचा विषय, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी ‘छावा’ कादंबरीने काय केलं ते नव्या वाचकांना सांगायला हवं. गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’सारख्या नाटकांनी संभाजी महाराज म्हणजे व्यसनी, विलासी राजा अशी प्रतिमा घराघरांत नेली होती. वा. सी. बेंद्रे कागदपत्रं धुंडाळत राहिले आणि १९६० साली त्यांचं चरित्र आलं. पाठोपाठ १९७१ साली कमल गोखल्यांचं ‘शिवपुत्र संभाजी’. या दोघांनी तो डाग पुसला. पण अभ्यासकांची पुस्तकं किती हातांत जाणार? ते काम सावंतांच्या कादंबरीने केलं आणि आता सिनेमाने ते महाराष्ट्राबाहेर नेलं. अभ्यासक, मग कादंबरीकार, मग सिनेमा, असा तो क्रम आहे. मधली पायरी नसती तर तिसरी आली नसती.

३१ वर्षांच्या बाबतीत नेमकी हीच मधली पायरी कमी पडते. पहिली आहे. डॉ. जयसिंगराव पवारांनी ताराबाईंवर आयुष्यभराचं काम केलं आहे, तेही कोल्हापुरात बसून. टीव्हीवर ‘स्वराज्यसौदामिनी ताराराणी’ मालिकाही येऊन गेली. पण ‘छावा’सारखी उशाशी घेऊन झोपावं अशी, घरोघरी पोचलेली कादंबरी मधे नाही.

आणि हा काळ आहे कुणाचा, ते नीट बघा. ज्यांनी फक्त सिनेमा पाहिला आहे त्यांना दोन माणसं आधीच ठाऊक आहेत. एक येसूबाई. रायगड १६८९ साली पडला तेव्हा त्या शाहूंसह मोगलांच्या हाती लागल्या आणि परत आल्या १७१९ ला. तीस वर्षांची कैद! दुसरे हंबीरराव मोहिते, सिनेमात आशुतोष राणांनी केलेले. ताराबाई त्यांची मुलगी. म्हणजे ‘छावा’च्या प्रेक्षकाने पुढच्या भागाच्या नायिकेचा बाप पाहिलेला आहे, फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नाही.

१७०० साली राजाराम महाराज सिंहगडावर वारले तेव्हा ताराबाईंचं वय जेमतेम २५. पदरात लहान मुलगा. समोर औरंगजेब, जो म्हातारपणी स्वतः एकेका किल्ल्याला वेढा घालत फिरत होता : सातारा, पन्हाळा, विशाळगड. सात वर्षं तिने त्याला दमवलं. १७०७ ला तो इथेच, दक्षिणेतच, नगरजवळ मेला.

इथपर्यंत कुणीही कादंबरी लिहील, कुणीही सिनेमा काढेल. अडचण १७०७ नंतर सुरू होते. शाहू सुटून आले. ताराबाईंनी ते तोतया असल्याचं जाहीर केलं. खेडला लढाई झाली, धनाजी जाधव शाहूंना मिळाले, आणि या खटपटीत बाळाजी विश्वनाथ पुढे आला. तोच ‘राऊ’तल्या बाजीरावाचा बाप. ताराबाईंनी १७१० ला पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली. १७१४ ला सवत राजसबाईने डाव उलटवला आणि ताराबाई स्वतःच्याच गडावर मुलासह कैदेत पडल्या. आता सांगा, यात खलनायक कोण करायचा? शाहू? येसूबाईंचा मुलगा? राजसबाई? पुढे १७५० मध्ये याच ताराबाईंनी ज्याला स्वतःचा नातू म्हणून पुढे आणलं त्या रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यात अडकवलं. अशी बाई पोस्टरवर मावत नाही. शत्रू मोगल असेपर्यंत आपल्याला ती हवी असते. शत्रू घरातला झाला की आपण पान उलटतो. माझ्या मते हे भगदाड पडायचं कारण हेच.

आणि ताई, तुमची ३१ वर्षं मी वाढवून देतो. ताराबाई वारल्या डिसेंबर १७६१ मध्ये. त्याच वर्षीच्या जानेवारीत पानिपत झालं. हे सगळं बघून, पचवून मग त्या गेल्या. म्हणजे ‘छावा’पासून ‘राऊ’, ‘पानिपत’ आणि ‘स्वामी’च्या उंबरठ्यापर्यंत एकच आयुष्य पसरलेलं आहे. तुमच्या पाचही कादंबऱ्यांना बांधणारा धागा एका बाईचा आहे.

---

सहावी_घंटा

सर, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. आणि पाच पुस्तकांची नावं पुन्हा बघितली. एका लढाईचं नाव सोडलं तर चारही पुरुषांची बिरुदं.

---

दुधाळी_मैदान

हंबीररावांची लेक व्हय! अडीच तास बघितलं त्यांना, आणि आज कळतंय.

सर, म्हंजे आपली पन्हाळ्याची गादी ती, मग कोल्हापुरात कशी आली? आणि तुमी म्हणता त्ये पवार सरांचं पुस्तक माझ्यासारख्याला झेपंल का?

---

मसाई_पठार

दादा, नक्की झेपेल. सावंतांची भाषा पचवलीत, मग हे तर साधं सरळ मराठी आहे. इतिहासाच्या पुस्तकात संवाद नसतात, तेवढी एक सवय करावी लागते. पत्रांचे उतारे येतील, ते ओलांडू नका. त्यात ताराबाईंचा आवाज ऐकू येतो. सुरुवात १७०० पासून करा.

गादी बरीच वर्षं पन्हाळ्यावर होती, कोल्हापूर शहरात राजधानी नंतर आली. वारणेचा तह १७३१ चा. त्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन राज्यांच्या हद्दी ठरल्या. वारणा नदी ओलांडून सांगलीकडे जाताना एकदा हे आठवून बघा.

---

भेंडे_गल्ली_आई

माझी मुलगी नववीत आहे. ‘छावा’ बघून आल्यापासून येसूबाईंचं पुढे काय झालं हे ती विचारत होती. इंटरनेटवर तिला चार ओळी मिळाल्या आणि ती नाराज झाली. सरांचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. तिने विचारलं, तीस वर्षं त्या काय करत असतील? माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण मला वाटतं कादंबरी याच प्रश्नातून सुरू होत असणार. कागदपत्रांत तारखा असतात. मुलाला लहानाचा मोठा शत्रूच्या छावणीत करणाऱ्या आईचं मन कुणीतरी लिहावं लागतं.

वाचनखूण ताई, नववीच्या मुलीला तुम्ही कुठून सुरुवात करून द्याल? ती इंग्रजीतल्या जाडजूड मालिका भराभर वाचते, पानांची भीती नाही.

---

वाचनखूण

वहिनी, मालिका वाचणाऱ्या मुलीची मला काळजीच नाही, तिला ‘पुढचा भाग’ मागायची सवय आहे. ‘छावा’च द्या, पण पहिल्या पानापासून. येसूबाई आणि शंभूराजांचं लग्नानंतरचं वाढणं त्यात सावकाश येतं, सिनेमाला तेवढा वेळ नव्हता. मग ‘राऊ’कडे जाऊ देऊ नका. सरांनी सांगितलेला इतिहास मधे ठेवा, तुम्ही दोघींनी मिळून वाचा. ‘राऊ’ त्यानंतर. तेव्हा साताऱ्याचे शाहू महाराज तिला परके वाटणार नाहीत, कुणाचा मुलगा ते तिला माहीत असेल.

मी काउंटरजवळच्या फळीवर पाच कादंबऱ्या क्रमाने लावल्या आहेत आणि ‘छावा’ व ‘राऊ’च्या मधे ताराबाईंचं चरित्र ठेवलंय. दुधाळी_मैदान दादा, ती प्रत तुमच्या नावावर राखून ठेवते. सोमवारी सुट्टी असते, मंगळवारी संध्याकाळी सातच्या आत या.